क्रेऑनचा निकाल आधीच लावू नका

सोफोक्लिस या प्राचीन ग्रीक नाटककाराच्या ‘अँटिगनी’त थीब्जचा राजा क्रेऑन हुकूम काढतो की नगरावर चालून आलेल्या पॉलिनाइसिसचे प्रेत पुरायचे नाही, आणि मृताची बहीण अँटिगनी तो हुकूम मोडते. आज जगात कुठेही हे नाटक बसवले जाते, तेव्हा क्रेऑन कोणत्या वेशात येणार हे बहुतेक वेळा आधीच सांगता येते. लष्करी गणवेश, नाहीतर गडद रंगाचा सूट. मागच्या पडद्यावर रणगाडे, निदर्शने, लाठीमार. अँटिगनी साध्या कपड्यांत, बहुधा अनवाणी. तिने तोंड उघडण्याआधीच प्रेक्षकांनी तिची बाजू घेतलेली असते, आणि क्रेऑन कोणत्या नेत्यासारखा दिसतो हे शेजारच्याला कुजबुजून सांगूनही झालेले असते.

अशा प्रयोगांमागचा हेतू प्रामाणिक असतो याबद्दल मला शंका नाही. हे नाटक आजचे आहे, मेलेले नाही, हे दिग्दर्शकाला सांगायचे असते. पण माझे म्हणणे असे की त्यामुळे नाटकातले राजकारण वाढत नाही, उलट घटते. ग्रीक शोकनाट्य इतके राजकीय होऊ शकले ते पुराकथेमुळे. थीब्ज, ट्रॉय, आर्गॉस अशा दूरच्या नगरांमध्ये, जुन्या राजघराण्यांमध्ये अथेन्सने आपले प्रश्न नेऊन ठेवले आणि तिथे ते असे तपासले, जसे स्वतःच्या सभेत त्याला तपासता येत नव्हते. हे अंतर पुसून टाकले की प्रेक्षकाची सुटका होते. दोषी कोण हे त्याला पहिल्या पाच मिनिटांत कळते, आणि तो दोषी आपण नाही हेही कळते.

अथेन्सने हे अनुभवातून शिकून घेतले होते. इ.स.पू. ४९४ मध्ये इराणी साम्राज्याने आशिया मायनरच्या किनाऱ्यावरचे मिलेटस हे ग्रीक शहर उद्ध्वस्त केले. मिलेटस आणि शेजारच्या आयोनियन शहरांनी इराणविरुद्ध बंड केले होते. अथेन्सने सुरुवातीला २० जहाजे मदतीला पाठवली, सार्डिस शहर जळले, आणि मग अथेन्सने अंग काढून घेतले. मिलेटसचा शेवट झाला तेव्हा अथेन्स तिथे नव्हते. त्यानंतर थोड्याच काळात फ्रिनिकस या नाटककाराने मिलेटसच्या पाडावावरच नाटक केले. इतिहासकार हिरोडोटस सांगतो की सगळे प्रेक्षागृह रडू लागले. अथेन्सने फ्रिनिकसला १००० द्राख्मांचा दंड केला, कारण त्याने लोकांना त्यांच्या घरच्या दुःखाची आठवण करून दिली. आणि ते नाटक पुन्हा कुणी करू नये असा हुकूम काढला.

ही गोष्ट सेन्सॉरशिपची पहिली नोंद म्हणून सांगितली जाते. तशी ती आहेच, आणि त्या दंडाचे समर्थन करण्याची माझी इच्छा नाही. पण हिरोडोटसने दंडाचे जे कारण दिले आहे ते नीट वाचावे. घरचे दुःख. ज्यांना वाऱ्यावर सोडले, त्यांचे मरण जसेच्या तसे डोळ्यांसमोर आले. प्रेक्षकांना रडण्यापलीकडे काही करायला जागाच उरली नाही. आपण अंग काढून घेतले ते बरोबर होते का, साम्राज्याशी भांडताना लहान नगराने किती दूर जावे, मित्राला दिलेल्या शब्दाची किंमत किती, यातल्या एकाही प्रश्नावर विचार करण्याइतकी उसंत त्या दुःखात नव्हती.

पुढच्या पिढ्यांच्या नाटककारांनी यातून काय घेतले ते त्यांच्या विषयांवरून दिसते. पूर्ण स्वरूपात आज हाती असलेल्या तीसहून अधिक शोकनाट्यांपैकी फक्त एक समकालीन घटनेवर आहे: एस्किलसचे ‘पर्शियन्स’, इ.स.पू. ४७२. ग्रीकांनी इराणी आरमाराला हरवले त्या सालामिसच्या सागरी लढाईला तेव्हा आठ वर्षे झाली होती. प्रेक्षकांमध्ये त्या लढाईत वल्ही मारलेले शेकडो लोक बसले असणार. त्यांच्या पाठीमागे, अथेन्सच्या टेकडीवर, म्हणजे अ‍ॅक्रोपोलिसवर इराण्यांनी जाळलेल्या मंदिरांचे अवशेष अजून तसेच होते. तिथल्या पार्थेनॉन या मंदिराचे काम सुरू व्हायला आणखी पंचवीस वर्षे होती. अशा जागी एस्किलसने नाटक रचले ते इराणची राजधानी सुसा इथे. मुलाची वाट पाहणारी राणी, म्हातारे दरबारी, पराभवाची बातमी घेऊन आलेला दूत, थडग्यातून उठलेला तिचा नवरा दरायस, आणि शेवटी फाटक्या कपड्यांतला तिचा मुलगा, हरलेला राजा झर्क्सिस. मेलेल्या इराणी सरदारांची नावेच्या नावे येतात. एकाही ग्रीकाचे नाव येत नाही, सालामिसचा विजय घडवणाऱ्या थेमिस्टोक्लिसचेसुद्धा नाही. विजयाचा अभिमान नाटकात आहे, तो लपवलेला नाही. पण तो अभिमान प्रेक्षकांना शत्रूच्या आईच्या तोंडून, तिच्या काळजीतून ऐकावा लागतो. काळाचे अंतर नव्हते, म्हणून एस्किलसने स्थळाचे घेतले. या नाटकाचा खर्च उचलला होता विशीतल्या पेरिक्लिसने, जो पुढे अथेन्सचे साम्राज्य चालवणार होता.

इथे त्या उत्सवाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण त्याशिवाय राजकारणाचा मुद्दा अधांतरी राहतो. आपल्याकडे ग्रीक नाटक मुख्यतः इंग्रजी साहित्याच्या वर्गातून आले, आणि म्हणून अ‍ॅरिस्टॉटलच्या हाताने आले. नायकाची चूक, भय, करुणा, विरेचन. अ‍ॅरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्र’ लिहिले ते त्या नाटकांच्या भरभराटीनंतर जवळपास शंभर वर्षांनी, आणि नगर, उत्सव, लोकसभा यांच्याबद्दल त्याने त्या ग्रंथात जवळजवळ काही म्हटलेले नाही. आपल्या पिढ्यान् पिढ्यांनी इडिपसच्या स्वभावातला दोष शोधला. पण त्याच्यासमोर बसलेले लोक कोण होते, हे वर्गात फारसे कुणी विचारले नाही.

ते होते अथेन्सचे मतदार. वसंत ऋतूत, समुद्रप्रवास पुन्हा सुरू होताना, डायोनिसस या देवाचा मोठा उत्सव भरे. अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर, उघड्यावर, भर दिवसा नाटके होत. कोणत्या नाटककाराला कोरस, म्हणजे नाटकात गाणारा-नाचणारा समूह, द्यायचा हे नगराचा अधिकारी ठरवी. खर्च एखाद्या श्रीमंत नागरिकावर कर्तव्य म्हणून टाकला जाई. परीक्षक दहा टोळ्यांमधून चिठ्ठ्या टाकून निवडले जात. आणि नाटके सुरू होण्याआधी त्याच रंगभूमीवर दोन गोष्टी दाखवल्या जात. एक म्हणजे अथेन्सच्या अंकित ‘मित्र’ नगरांकडून आलेली खंडणी. चांदी वाहून आणून सगळ्यांसमोर मांडली जाई, आणि ती आणणाऱ्या नगरांचे प्रतिनिधीही प्रेक्षकांत बसलेले असत. दुसरी म्हणजे युद्धात वडील गमावलेली मुले. नगराने त्यांना वाढवलेले असे. वयात आल्यावर त्यांना पूर्ण चिलखत देऊन लोकांपुढे उभे केले जाई, आणि वडिलांप्रमाणे लढायला ती सज्ज आहेत असे जाहीर केले जाई.

साम्राज्याची चांदी, साम्राज्यासाठी मेलेल्यांची मुले. त्यानंतर त्याच जमिनीवर नाटक.

इ.स.पू. ४१५ च्या वसंतात तिथे युरिपिडिसचे ‘ट्रोजन विमेन’ झाले. त्याआधीच्या हिवाळ्यात मेलॉस हे छोटे बेट अथेन्सला शरण आले होते. मेलॉसचा गुन्हा एवढाच की त्याला कुणाच्याही बाजूने लढायचे नव्हते. अथेन्सने हाती लागलेल्या प्रौढ पुरुषांना ठार मारले, बायका-मुलांना गुलाम केले. आणि वसंतात रंगभूमीवर ग्रीकांनी जाळलेल्या ट्रॉयसमोर जमिनीवर पडलेली, त्या शहराची राणी हेक्युबा होती. नाटकात घडते ते इतकेच: पकडलेल्या बायकांची वाटणी. कोण कुणाच्या वाट्याला गेली, कोणत्या जहाजावर चढणार. ग्रीकांचा निरोप्या टॅल्थिबियस येतो आणि सांगतो की हेक्युबाच्या मारल्या गेलेल्या मुलाच्या, हेक्टरच्या, लहान मुलाला तटावरून खाली फेकायचे ठरले आहे. टॅल्थिबियस दुष्ट नाही. त्याला हे काम आवडत नाही; दुसऱ्या कुणाला पाठवले असते तर बरे झाले असते असे तो म्हणतो, आणि काम करतो. नंतर मुलाचे प्रेत हेक्टरच्याच ढालीवर घालून आणतो. येताना स्कामांडर नदीवर त्याने ते स्वतः धुतलेले असते, आजीचा तेवढा तरी त्रास वाचावा म्हणून.

मला हा टॅल्थिबियस त्या काळच्या कुठल्याही राजकीय भाषणापेक्षा महत्त्वाचा वाटतो. हुकूम वरून आलेला आहे, माणूस मवाळ आहे, प्रेत धुण्याइतकी माणुसकी त्याच्यात आहे, आणि मूल मरतेच. मेलॉसवर गेलेल्या तुकडीत असे किती असतील? प्रेक्षकांत त्यांच्यापैकी कितीजण बसले असतील? युरिपिडिसने टॅल्थिबियसला अथेन्सचा शिपाई केले असते, तर त्या माणसांनी त्याच क्षणी स्वतःचा बचाव सुरू केला असता: आम्ही तसे नव्हतो, परिस्थिती वेगळी होती, मेलॉसनेच ओढवून घेतले. तो ट्रॉयच्या किनाऱ्यावरचा जुन्या कथेतला निरोप्या होता, म्हणून त्याच्याकडे ते शेवटपर्यंत पाहू शकले.

यावर अभ्यासकांचा एक आक्षेप आहे आणि तो दमदार आहे. नाटककाराला कोरस मिळे तो आदल्या उन्हाळ्यात. मेलॉस पडले हिवाळ्यात. मग युरिपिडिसने मेलॉस डोळ्यांसमोर ठेवून लिहिले असे कसे म्हणता येईल? कदाचित म्हणता येणार नाही. पण त्याने माझा मुद्दा बळकटच होतो. त्याआधी, इ.स.पू. ४२१ मध्ये, स्किओनी या शहरातल्या पुरुषांना अथेन्सने असेच मारले होते आणि बायका-मुलांना विकले होते. एका शहराचे नाव घालून लिहिलेले नाटक त्या शहराबरोबर जुने झाले असते. ट्रॉयवर लिहिलेल्या नाटकात स्किओनी होते, आणि लेखकाला ठाऊक नसताना मेलॉस येऊन बसले. नाटकाच्या सुरुवातीला अथीना आणि पोसायडन ठरवतात की परतणारे विजयी ग्रीक आरमार समुद्रात बुडवायचे. काही महिन्यांतच अथेन्सने आपले मोठे आरमार सिसिलीकडे रवाना केले. त्यातले फार थोडे लोक परत आले.

म्हणजे नाटकाने काहीच थांबवले नाही, असे कुणी म्हणेल. खरे आहे. त्या वर्षी युरिपिडिसला पहिले बक्षीसही मिळाले नाही. तो दुसरा आला. कुणी आणखी पुढे जाऊन म्हणेल की पुराकथेचे हे अंतर म्हणजे सोयच आहे. ट्रॉयच्या बायकांसाठी रडायचे, मन हलके करायचे, आणि दुसऱ्या दिवशी सभेत जाऊन आणखी एका शहरावर स्वारीचे मत द्यायचे. हा आरोप मी हलका समजत नाही. माझ्या सगळ्या म्हणण्याला सर्वांत मोठा धोका याच प्रश्नाचा आहे.

त्याचे उत्तर मला नाट्यगृहाबाहेर, लोकसभेत सापडते. इ.स.पू. ४२८ मध्ये मितिलिनी या अंकित नगराने बंड केले आणि पुढच्या वर्षी ते मोडले गेले. अथेन्सच्या सभेने ठरवले: सगळे प्रौढ पुरुष मारायचे, बायका-मुले गुलाम करायची. हुकूम घेऊन जहाज निघाले. दुसऱ्या दिवशी लोकांना आपलाच निर्णय भयंकर वाटू लागला आणि पुन्हा सभा बोलवावी लागली. त्या सभेत क्लिऑनने केलेले भाषण इतिहासकार थुसिडिडीसने दिले आहे. क्लिऑन लोकांवर चिडतो. तुम्ही भाषणांचे प्रेक्षक झाला आहात, म्हणतो. आणि साम्राज्य चालवणाऱ्याला घातक अशा तीन गोष्टी सांगतो: करुणा, चांगल्या बोलण्याची गोडी, आणि प्रतिस्पर्ध्याशी भलेपणाने वागणे. त्याला उत्तर देणाऱ्या डायोडोटसने करुणेचा आधार घेतला नाही. फायद्या-तोट्याचाच हिशेब मांडला. मत थोडक्या फरकाने फिरले. दुसरे जहाज रात्रंदिवस वल्ही मारत गेले आणि कत्तल सुरू होण्याआधी पोहोचले. बंडाचे पुढारी मारले गेलेच, पण नगर वाचले.

हा नाटकाचा परिणाम होता असे मी म्हणणार नाही. तसे म्हणायला पुरावा नाही. पण सभेत ताकदवान असलेल्या एका पुढाऱ्याला करुणा हे साम्राज्याचे दुखणे वाटत होते, आणि माणसे प्रेक्षकासारखी बसून ऐकतात हे त्याला खुपत होते, एवढे स्पष्ट आहे. परक्याच्या दुःखाकडे बघायची सवय त्या नगराने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या सर्वांत मोठ्या उत्सवात, दरवर्षी लावून घेतली होती. ती सवय एका वर्षी कामी आली असेल, दुसऱ्या वर्षी नसेल. मेलॉसच्या वेळी तर मुळीच आली नाही. तरी जिच्यावर क्लिऑनसारख्याला वार करावा लागतो, ती सवय निरुपयोगी नव्हती. आणि हे सांगताना त्या नगराचे देव्हारे मला माजवायचे नाहीत. मतदारांत बायका नव्हत्या, गुलाम नव्हते, परके नव्हते. रंगभूमीवर हेक्युबाही पुरुषच करत असे.

आता क्रेऑनकडे परत येतो. अँटिगनी विरुद्ध हुकूमशहा असे हे नाटक ज्यांना वाटते, त्यांनी इ.स.पू. ३४३ मधला एक खटला पाहावा. अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनिस याने एस्किनीस या दुसऱ्या पुढाऱ्यावर देशाशी बेइमानीचा आरोप ठेवला होता. एस्किनीस पूर्वी नट होता आणि त्याने क्रेऑनची भूमिका केली होती. डेमॉस्थेनिसने काय करावे? त्याने न्यायालयात क्रेऑनचे पहिले भाषण मोठ्याने वाचायला लावले. माणसाचा जीव, मन आणि विचार तो सत्तेवर आणि कायद्याच्या कसोटीला लागेपर्यंत कळत नाहीत. जो मित्राला देशापेक्षा मोठा मानतो त्याची मला किंमत नाही. हे नगर नीट तरले तरच आपल्याला मित्र मिळतात. डेमॉस्थेनिसने या ओळी नमुना म्हणून वाचल्या: देशभक्त कसा बोलतो ते पाहा, आणि एस्किनीसने ज्या ओळी रंगभूमीवर म्हटल्या त्या प्रत्यक्षात कशा पायदळी तुडवल्या तेही पाहा. म्हणजे नाटक झाल्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी, अथेन्सच्या नागरिकांनी भरलेल्या न्यायालयात, क्रेऑनचे शब्द सगळ्यांना पटतील असे गृहीत धरता येत होते.

तसे ते पटण्यासारखेच आहेत. आदल्या रात्री परकी फौज थीब्जच्या वेशीवरून परतली आहे. ती घेऊन आला होता पॉलिनाइसिस, नगराचाच राजपुत्र, अँटिगनीचा भाऊ. देशद्रोह्याला अ‍ॅटिकाच्या मातीत पुरू द्यायचे नाही असा कायदा अथेन्समध्येही होता. सूर्य उगवताना समोर उभा राहून नवा राजा म्हणतो की माझ्यासाठी नगर सगळ्यांत आधी. प्रेक्षकांची मान हलते. आणि तिथून पुढे, एकेका प्रसंगाने, पहारेकऱ्यापासून, अँटिगनीपासून, स्वतःच्या मुलापासून, आंधळ्या भविष्यवेत्त्या टायरेसियसपर्यंत, त्यांना कळत जाते की आपण मान कशाला हलवली होती. हेमॉन बापाला म्हणतो की एकाच माणसाचे असते ते नगर नव्हे. हे वाक्य ज्याला सुरुवातीपासून माहीत आहे त्याला ते टाळीचे वाक्य वाटते. क्रेऑनला ज्याने मनातल्या मनात मत दिले आहे, त्याला ते लागते. सुरुवातीलाच क्रेऑनच्या कंबरेला पिस्तूल बांधले की ही सगळी वाट बंद होते. अँटिगनीचे धैर्यही त्यामुळे स्वस्त होते, कारण चुकीच्या माणसाला नाही म्हणणे आणि बरोबर वाटणाऱ्या माणसाला नाही म्हणणे यांत फार मोठे अंतर आहे.

रॉबेन बेटाच्या तुरुंगात कैदी नाताळच्या सुमारास नाटक बसवत. तिथल्या ‘अँटिगनी’च्या प्रयोगात नेल्सन मंडेला यांनी क्रेऑनची भूमिका केली. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी ते लिहिले आहे. अँटिगनी हे त्यांच्या लढ्याचे प्रतीक होते असे त्यांनी म्हटलेच, पण क्रेऑनबद्दलही त्यांनी विचार केला: सुरुवातीला तो प्रामाणिक देशभक्त आहे, त्याचे शहाणपणाचे बोल खरे आहेत, आणि सत्तेतल्या माणसाला दयेचा स्पर्श हवा तो त्याला नाही. वर्णद्वेषी सरकारच्या तुरुंगात असलेल्या माणसाने क्रेऑनमध्ये फक्त आपले जेलर पाहिले असते तरी त्याला कुणी दोष दिला नसता. पुढे स्वतः राज्य करण्याची वेळ आली तर काय सांभाळावे लागेल, हेही त्यांनी त्यात पाहिले.

एक गोष्ट मान्य करायला हवी. नवा वेश हा स्वतः गुन्हा नाही. १९४४ च्या फेब्रुवारीत, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये जाँ आनुई या फ्रेंच नाटककाराने याच कथेवर लिहिलेले नाटक आले. पात्रे आधुनिक कपड्यांत होती. जर्मन सेन्सॉरने ते संमत केले होते. प्रतिकार करणाऱ्यांना त्यात आपली अँटिगनी दिसली, आणि व्यवस्था टिकवू पाहणारा समंजस क्रेऑन पाहून दुसऱ्या बाजूलाही समाधान वाटले. त्यावर तेव्हापासून वाद चालू आहे. माझ्या मते तो वाद हेच त्या नाटकाचे यश. कपडे आजचे होते, पण निकाल आधी लावलेला नव्हता.

मराठी वाचकाला इथे ‘कीचकवध’ आठवेल, आणि आठवावे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ मध्ये महाभारतातली कथा घेतली आणि प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन, द्रौपदीत भारत, भीमात जहाल आणि युधिष्ठिरात मवाळ ओळखले. सरकारनेही ओळखले; १९१० मध्ये, १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली, नाटकावर बंदी आली. ते थोर काम होते. पण तिथे पुराकथेकडून वेगळे काम करून घेतले जात होते. परक्या सत्तेखाली उघड बोलता येत नव्हते, म्हणून कथेने आशयाला झाकून प्रेक्षकांपर्यंत पोहोचवले. कीचक कोण याचे उत्तर एकच होते आणि सगळ्या थिएटरला ते ठाऊक होते. अथेन्सच्या प्रेक्षकांना परक्या सरकारपासून काही लपवायचे नव्हते; सरकार तेच होते. त्यांना जे लपवून ठेवावेसे वाटत होते, ते स्वतःपासून. म्हणून तिथल्या पुराकथेला एकच उत्तर असून चालत नव्हते. आज जो दिग्दर्शक लोकशाहीत, मतदारांसमोर ग्रीक नाटक करतो, त्याने ही दुसरी परिस्थिती आपली समजावी. आपण मत दिलेल्या माणसांची नाटके आपण पाहतो आहोत.

वेश न बदलता काय होऊ शकते हे अमेरिकेत दिसले आहे. ब्रायन डोरीज यांनी २००८ पासून सैनिकांसमोर सोफोक्लिसच्या ‘एजॅक्स’ आणि ‘फिलॉक्टेटिस’मधल्या प्रसंगांची वाचने सुरू केली. नेपथ्य नाही, गणवेश नाही. टेबलामागे बसलेले नट आणि हातात संहिता. एजॅक्स हा अपमानाने वेडा झालेला योद्धा; आपल्या सेनापतींना मारतो आहे असे समजून गुरे कापतो, शुद्धीवर येतो आणि स्वतःच्या तलवारीवर पडतो. वाचनानंतर सैनिक आणि त्यांच्या बायका उठून बोलू लागल्या, आणि ते बोलणे वाचनापेक्षा जास्त वेळ चालले. एजॅक्सला अफगाणिस्तानात नेले असते, तर प्रत्येकाने आपल्या तुकडीशी तो ताडून पाहिला असता. सोफोक्लिस स्वतः इ.स.पू. ४४१ मध्ये अथेन्सचा सेनापती म्हणून निवडून आला होता, आणि त्याचे बहुतेक प्रेक्षक कधी ना कधी लढलेले होते. त्यानेही त्यांना ट्रॉयच्याच छावणीत बसवले होते.

२०१३ मध्ये जॉर्डनमधल्या अम्मान इथे सीरियातून पळून आलेल्या बायकांनी ‘ट्रोजन विमेन’ केले, आणि त्यात त्यांनी स्वतःच्या कहाण्या घातल्या. दिग्दर्शक होते ओमर अबू सादा. माझ्या म्हणण्यात हे बसत नाही असे वाटेल, कारण इथे आजचे दुःख थेट नाटकात आले. पण या बायका दुसऱ्या कुणाचे दुःख दाखवत नव्हत्या. हेक्युबाच्या ओळींच्या आधाराने त्या आपले बोलत होत्या. जिचे घर गेले आहे तिने ट्रॉयला आपले गाव म्हणावे. तो अधिकार तिचाच आहे. ज्यांचे घर शाबूत आहे त्यांनी तिच्या फोटोची पार्श्वभूमी लावून नाटक करणे ही निराळी गोष्ट.

आणखी एका गोष्टीवर कुणी फारसे बोलत नाही, म्हणून बोलतो. ग्रीक नाटक आज बसवताना पहिली कात्री कोरसवर चालते. पंधरा माणसांच्या जागी तीन, कधी ध्वनिमुद्रित आवाज, कधी फक्त एक निवेदक. कारण उघड आहे: पैसा आणि तालीम. पण अथेन्सचा पैसा जात होता तो याच जागी. एका नागरिकाच्या न्यायालयीन भाषणात नोंद आहे की त्याने एका वर्षीच्या शोकनाट्याच्या कोरसवर ३००० द्राख्मा खर्च केले. फ्रिनिकसला झालेल्या दंडाच्या तिप्पट. कोरसमध्ये गाणारे-नाचणारे सामान्य नागरिक होते, महिनोन् महिने तालीम करून ते गुलाम बायका, परक्या, म्हाताऱ्या, हरलेल्यांच्या भूमिकेत उतरत. ‘अँटिगनी’त ते थीब्जचे म्हातारे होत: आधी राजाच्या हुकुमाला मान डोलावणारे, मग घुटमळणारे, आणि उशिरा, फार उशिरा, जा आणि तिला सोडव असे सांगणारे. क्रेऑन आणि अँटिगनी यांच्यामध्ये उभे राहून गप्प बसणारे, मग बोलणारे हे नगर काढून टाकले की उरते ते दोन हट्टी माणसांचे भांडण. सूट घातलेल्या क्रेऑनसाठी पडदा, प्रोजेक्टर, प्रकाशयोजना यांवर जो खर्च होतो तो पंधरा माणसांच्या तालमीवर व्हावा. नाट्यसंस्थांनी, अनुदान देणाऱ्या सरकारी खात्यांनी, विद्यापीठांच्या नाट्यविभागांनी ग्रीक नाटकाला मदत करताना कोरस पूर्ण ठेवण्याची अट घालावी. आणि क्रेऑनचे पहिले भाषण न कापता, संचातल्या सर्वांत चांगल्या नटाला द्यावे.